उतारावरचा मिनी ट्रॅक्टर

मला दम म्हणून निघत नाही. पैठणला घरची दोन एकर मोसंबी. तिच्या ओळींतून फिरेल असा जुना मिनी ट्रॅक्टर पाहिजे होता. सिल्लोडकडं एका गावात सापडला. मामांना घेऊन लगेच गेलो.

ट्रॅक्टर मालकाच्या दारापुढं उतारावर उभा होता. त्यानं ब्रेक सोडला, ट्रॅक्टर चार हात खाली घरंगळला अन् झटक्यात चालू झाला. मी खूश!

मामा मालकाला म्हणाले, "खाली सपाटीला नेऊन बंद करा, मंग परत चालू करून दाखवा."

तेवढ्यात मालकाचा फोन वाजला. "या की! अजून कुणाला दिला नाय," असं तो कुणाला तरी सांगत होता.

मी मामांना बाजूला ओढलं. "मामा, राहू द्या ना! हातचा जाईल."

"अरं, चहा तरी येऊ दे."

चहा यायच्या आत मी सौदा पक्का केला.

टेम्पोतून रानात आणला. आईनं हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. मी चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. दुपार झाली तरी लिंबं जशीच्या तशी.

शेवटी चिडून मालकाला फोन लावला. "अहो, हा चालूच होत नाही!"

"उभा कुठं केलाय?"

"रानात. सपाटीला."

"सगळं रान सपाट हाय?"

"व्हय!"

तो मनापासून हळहळला. "मग घेतानाच सांगायचं ना भाऊ! तुम्हाला दिलाच नसता."