डोळ्यातला राखणदार

नाय हो सिस्टरबाई, पोलिओला कोण नाय म्हणतंय, थेंब द्या ना — पण माझ्या मांडीवरच द्या. मी उघडते तिचं तोंड. हां... झालं. आता ती बॅटरी कशाला काढली? घसा बघायचाय? घसा चांगला हाय आमच्या जमूचा, रडते तवा अख्ख्या कुंभवलीला ऐकू जातं. ठेवा ती पिशवीत. चाय टाकू? नको? बरं.

माझ्या डोळ्याकडं बघताय ना? बघा, सगळेच बघतात. काचेचा हाय. लहान होते, नवापूरला, माझ्या बापाची होडी होती तिथं — डोळा आतून पांढरा चमकाय लागला, मुंबईला नेलं, काढला. तेवढंच. लग्नात सासूला सांगितलं माशाचा काटा लागला, पण माझ्या नवऱ्याला, दामूला, खरं ठावं हाय. तो काय बोलत नाय — कारखान्यात जातो, येतो, लेकीला खेळवतो. माझ्या पाठचा भाऊ देवू, त्याला पण तसंच झालं. बाप म्हणाला, एक पोर काणी केली, दुसरं नाय करू देणार. भगताकडं नेला. डोळा लिंबायेवढा बाहेर आला, बाई. रात्रंदिवस ओरडायचा. मग ओरडायचा थांबला.

लोक म्हणाले नजर लागली, माझ्या आयला बोल लावला. नजर नाय ती. ही पोटात होती तवा माझा काचेचा डोळा सैल झाला म्हणून मुंबईच्या हास्पिटलात गेले. तिथं एक डाक्टरीण — पोरगीच होती — तिनं रक्त घेतलं, जवळ बसवून सांगितलं. हंसाताई, अंगातली पेशी एकाची दोन होते, तसंच मूल वाढतं. तिच्यात एक चीज तयार होते, ती ढकलत राहते — हो दोन, हो दोन. काम झालं की ती चीज मोडून टाकावी लागते. कुठली टिकवायची, कुठली मोडायची, हे बघायला आत राखणदार असतात. प्रोटीन. मी म्हटलं, डाळीत असतं ते? हसली. म्हणाली, त्यातलंच, पण हे अंग स्वतः बनवतं. राखणदार नसला की ढकलणारीला आवरणारं कोण? ती मोडतच नाय, पेशी वाढतच जातात, डोळ्यात गाठ होते. अजून शोध चाललाय म्हणाली, सगळं नाय कळलेलं. राखणदार बनवायची अक्कल आईकडनं एक येते, बापाकडनं एक. तुमची एक जन्मापासनंच बिघडलेली, दुसरी डोळ्यात बिघडली, संपलं. मी विचारलं, आणि पोटातल्याला? तर खाली बघाय लागली. निम्मं-निम्मं, म्हणाली. बाळ झालं की लगेच आणा, आम्ही डोळे बघत राहू, लवकर सापडलं तर डोळासुद्धा वाचतो.

नाय नेली. का म्हणजे? नेली आणि सापडलं तर? नाय नेली तर निदान — नाय, तसं नाय. हिला झालंय काय? बघा ना, दोन्ही डोळे काळेभोर, तुमच्याकडं बघून हसते पण. डावा जरा तिरका, ते तर सगळ्यांच्याच पोरांचं असतं. काय नाय हिला. दिवसाउजेडी तर काय दिसतच नाय, ते नुसतं दिवा समोर आला की —

काय म्हणाले मी?

असं बघू नका. लाईट गेली होती, रॉकेलची चिमणी घेऊन हिच्याजवळ बसले, तर डावा डोळा मांजरासारखा — एकदाच. दोनदा. मग मी दिवाच लावायचा सोडला. दामू म्हणतो, हंसा, अंधारात का पाजतेस? म्हटलं, उजेडात झोपत नाय ती. त्याला नाय सांगितलं. कुणालाच नाय सांगितलं, आता तुमालाच —

नाय, तुमी नका बघू. मला ठावं हाय काय हाय ते.

काढतील? काढू देत. मी एका डोळ्यावर चूल पेटवते, मासळी निवडते, लेक पाजते. माझ्या बापानं केलं ते मी नाय करणार. हिचं झबलं कुठं गेलं — हे बघा, सापडलं, तुमीच बांधा ती नाडी, मी पिशवी भरते. हां. आता जावा तुमी. कारखान्याच्या गेटवर दामूला बोलवा, सांगा, हंसा पोरीला घेऊन मुंबईला निघाली, आजच, तू पण ये. मला काय बोलू नका, धीर पण देऊ नका, बाई. बोललात तर मी इथंच बसेन. जा ना. जा.