शेंदूर लावलेला वरवंटा

— नाय साहेब, नारळ तुम्ही येणार म्हणून नाय फोडला, दर मंगळवारी फोडतो— बसा, ती खुर्ची नको, तिचा पाय लंगडा हाय, ही घ्या. मी लक्ष्मण. ठाण्याच्या कारखान्यात नऊ वर्षं बॉयलरवर होतो, परीक्षा दिलेली हाय, कागद हाय माझ्याकडं. कारखाना बंद पडला, मग गावाकडं आलो आन् या आश्रमशाळेत भाताच्या बॉयलरवर लागलो. दोनशे दहा पोरं, दोन वेळचा भात, सगळा वाफेवर. तुमच्या आधीचे साहेब आले ते सत्त्याण्णव साली— हेडमास्तरांच्या खोलीत बसले, गावठी कोंबडी खाल्ली, हे पत्र्याचं छप्पर लांबून बघितलं आन् सही केली. फार चांगला माणूस. त्यानंतर सहा वर्षं कुणी नाय. का नाय? मी सांगतो की. ठाण्याला आम्हाला वर्गात शिकवलेलं— बॉयलर तपासणारा साहेब मुळात आला कुठून? कलकत्त्याला बॉयलर फुटला, माणसं मेली, मग सरकारला कायदा सुचला, मग साहेब नेमला. म्हणजे आधी मढी, मग साहेब. रागावू नका, तुमचं नाय म्हणत. पण आमच्या मोखाड्याकडं बॉयलरनं कुणी मेलं नाय, मग एवढा घाट चढून कोण कशाला येईल? बरोबरच हाय त्यांचं.

ते वर? वरवंटा हाय तो. वाटायचा वरवंटा, दुसरं काय? सांगतो ना. तो सेफ्टी वॉल्व्ह, जादा वाफ सोडणारा, नेमका भाताच्या वेळेला ओरडायचा— असा ओरडायचा की पहिलीतली पोरं ताटं टाकून पळायची, आन् वाफ सगळी वर जायची, भात कच्चा. हेडमास्तर म्हणाले, लक्ष्मण, याचं तोंड बंद कर. माझी बायको हौशी इथंच स्वयंपाकाला हाय, तिनं टवका उडालेला वरवंटा दिला, मी तारेनं वॉल्व्हच्या दांड्याला टांगला, म्हणजे तो वजनानं उघडायलाच नको. दोन दिवसांपुरता हो! मेकॅनिक येईपर्यंत. मेकॅनिक काय आला नाय, दसरा आला. दसऱ्याला आम्ही बॉयलर पूजतो, तर बायकांनी सगळ्याला शेंदूर लावला, वरवंट्यालापण लावला, झेंडूची माळ घातली. आता शेंदूर लागलेला दगड उतरवायचा कुणी? तुम्ही उतरवाल? मी एकदा नुसता हात लावला तर हौशी दोन दिवस बोलली नाय— म्हणे त्या साली पोरांचा खोकला गेला तो त्याच्यामुळं. मला कळतं हो चुकीचं हाय ते. शिकलेला माणूस हाय मी. पण हळूहळू मीपण येता-जाता पाया पडायला लागलो, खोटं कशाला बोलू.

आन् भ्यायचं कशाला, समोर वाफेच्या दाबाचा काटा हाय की! बघा, दोनवर. भात लवकर शिजो, उशिरा शिजो, दोन म्हणजे दोन. असा इमानदार काटा ठाण्यालासुद्धा नव्हता. मारा ना टिचकी, मारा. बघा, हलला? तसूभर नाय. दोन वर्षं झाली, सकाळी येतो, भट्टी पेटवायच्या आधी बघतो, तेव्हासुद्धा दोन—

पेटवायच्या आधी. तेव्हा तर वाफच नसते.

साहेब, असं बघू नका माझ्याकडं... नको, नको, वरवंट्याला हात नका लावू! एकदम उतरवायचा नसतो, एवढं येतं मला, आधी भट्टीतला विस्तव बाहेर ओढायचा असतो. हौशे! ए हौशे! पोरं पंगतीला बसली का? उठव त्यांना. सगळ्यांना उठव, बाहेर ने, पार त्या आंब्याच्या पलीकडं. भात राहू दे गं! मागनं सांगतो, ने तू... साहेब, तुम्हीपण निघा. नाय, दोघं नकोत, फावडं एकच हाय. जा म्हणतो ना. आन् आता काही बोलू नका, मला ऐकू दे.