सिस्टर ड्रेव्हर सरळ विचारतात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय मॅन्सीकाका रेंडल, व्यासपीठावरचे डॉक्टर फ्लेट, ज्यांना निरोप देणं आपल्या जिवावर आलंय त्या सिस्टर इंगा ड्रेव्हर, आणि गुरांचं लवकर आटपून इथे आलेल्या माझ्या बेटकऱ्यांनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. बारा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा आमच्या स्वयंपाकघरात होती आणि मास्तरीण होती माझी आई, थोरा. ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे. हे भाषण तिनं वाचलंय, दोन वाक्यं सुधारलीत आणि "सगळं सांग" म्हणाली आहे. नाहीतर मी तोंड उघडलं नसतं.

आईला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. तो काय असतो हे स्कॉटलंडच्या या आपल्या ऑर्कनी बेटांवर मी कुणाला समजावू? कुणाच्या नात्यात तो नाही? पाय जड होतात, हात ऐकत नाहीत, माणूस थकून जातं. आणि आपली रीत अशी, की घरात कुणी आजारी पडलं की शेजारी दार ढकलून आत येतात आणि न विचारता काम उचलून नेतात. जेसीकाकूंनी कोंबड्या नेल्या. भाजीचे वाफे मॅन्सीकाकांनी घेतले. शेजारच्या मुलांची शिकवणी "थोराला दगदग नको" म्हणून बंद झाली. सगळं किती प्रेमानं! आई खिडकीशी बसून राहू लागली. बोलेना, जेवेना, माझ्या चुकासुद्धा काढेना. सगळे म्हणाले, आजारच तसला, थकवणारच.

त्या हिवाळ्यात एकदा सिस्टर आल्या. मॅन्सीकाका आमच्याकडे चीज खात बसले होते.

"थोरा, थकवा जरा उतरला की काय करावंसं वाटतं?"

"काही नाही."

"कोंबड्या?"

"जेसीकडे बऱ्या आहेत त्या."

सिस्टरनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली. "जगणं नकोसं वाटतं का?"

"काहीतरीच काय विचारतेस!" मॅन्सीकाका उसळले. "नसतं डोक्यात भरवशील तिच्या!" अध्यक्षमहाराज, रागावू नका, तुम्ही असंच म्हणाला होतात.

"मॅन्सी, बाहेर जा आणि मेंढ्यांना सल्ला दे. त्या ऐकतात तुझं."

दार लागलं. आई म्हणाली, "रोज वाटतं."

सिस्टरनी त्या दिवशीची परतीची बोट जाऊ दिली. मला म्हणाल्या, "दमलेल्या माणसाला करायचं असतं, अंग साथ देत नाही. हिला करावंसंच वाटत नाही. हे वेगळं दुखणं आहे, आणि त्यालाही औषध आहे." डॉक्टरांना फोन गेला. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला समुपदेशकाशी बोलणं सुरू झालं. मग सिस्टर कोंबड्या मागायला गेल्या. जेसीकाकू फणकारल्या, "मदत केली तर ही शिक्षा?" "मदत कर ना," सिस्टर म्हणाल्या, "पण तिला विचारून. खुराडं तू साफ कर, अंडी तिला गोळा करू दे."

आई बरी झाली, असं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. वाईट दिवस येतात. आणि सिस्टर, आता तुम्ही निघालात. नव्या नर्सबाई तिकडे कर्कवॉल शहरात बसून फोनच्या पडद्यावर भेटणार. पडद्यावर आई चांगलं स्वेटर घालून हसते. त्या हसण्यामागचं कुणाला दिसेल? या धास्तीनं मी दिवसातून दहादा "बरी आहेस ना?" विचारते, आणि आई वैतागते. "पोरी, उत्तर यायच्या आधीच तू घाबरतेस. मग मी तुलाच सांभाळत बसते."

खरं आहे तिचं. म्हणून आज सकाळी मी काहीच विचारलं नाही. तिच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. तर तीच म्हणाली, "आज मी बरी नाही गं. अंग ठीक आहे. मन बरं नाही."

कुणी न विचारता तिनं हे सांगण्याची ही पहिलीच वेळ. सिस्टर, तुम्हाला निरोपाची भेट म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

तुम्ही सर्वांनी धीरानं ऐकलंत, मी आभारी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. अजून दोन पानं उरली आहेत, पण ती राहू द्या. मला आता आईजवळ जाऊन बसायचं आहे.