गुरुनाथाने घेतलेली परीक्षा

आपला गुरुनाथ जुने संगणक विकतो, हे तुम्ही जाणताच. पण त्याने एका संगणकाची परीक्षा कशी घेतली, ते ऐका.

तारिहाळला कारखाना चालवणाऱ्या शंकरअण्णांना धातू कोरणाऱ्या मिलिंग यंत्रासाठी संगणक हवा होता. तो फार वेगवान नसला तरी चालेल, पण त्याने एकदाही उशीर करता कामा नये. कारण एक आज्ञा जरी उशिरा पोहोचली, तरी हत्यार भलतीकडे घुसून काम वाया जाते. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकाचा महागडा साचा यंत्रावर चढायचा होता.

"दिवसभर तपासलाय, अण्णा. विलंब जवळजवळ नाहीच!" गुरुनाथ म्हणाला.

अण्णांनी त्याच्या घरीच विलंब मोजणारा प्रोग्राम लावला, सोबत एक व्हिडिओ सुरू केला आणि पडद्यावरच्या खिडक्या भराभरा इकडेतिकडे ओढल्या. विलंबाचा आकडा उसळला.

"साकु, पुरे! बंद कर! हा माझा साचा खाणार. तू तपासलास तरी कसा?"

"परीक्षा चालू म्हणून कुणाला हात लावू दिला नाही. घरातला टीव्हीसुद्धा बंद ठेवला."

"अरे, ही परीक्षा की विश्रांती? अंगावर काम पडल्यावर कोण कसा वागतो, ते पाहायचं असतं!" अण्णांनी संगणक परत त्याच्यापुढे सरकवला.

चहा घेऊन आलेल्या त्याच्या पत्नी, शारदाअक्का, शांतपणे म्हणाल्या, "यांना रागावू नका, अण्णा. आमचे अप्पाही, म्हणजे माझे वडील, असेच फसले. लग्नासाठी यांना पाहायला आले, तेव्हा हे तासभर गप्प बसून होते. कुणी साधं पाणी आणायलाही सांगितलं नाही. अप्पांनी तिथल्या तिथे पसंत केलं."