खिडकीसमोरचा फ्लेक्स

— म्हणजे ह्या बाजूलासुद्धा जाहिरातीचा फ्लेक्स लागणार? माझ्या खिडकीसमोर? अहो, मला वाटलं नुसती जाळी असेल, जाळीतून कसं दिसतं तरी... बसा हो, उठताय कशाला, गवताचे रोल घेऊन गाडी यायचीय ना अजून? ती अडकली असेल ठाणे-बेलापूर रोडला. पायरीवर सावली आहे, बसा, चहा घ्या. साखर कमी आहे हं, ह्यांच्या पथ्यामुळे घरात सगळ्यांनाच तशी सवय झालीय. नामदेवभाऊ ना तुम्ही? काल तेजस हाक मारत होता, ऐकलं मी — म्हणजे ऐकायला गेले नव्हते, खिडकी दिवसरात्र उघडीच असते आमची, कानावर पडतंच. गाव कुठलं? जत? अगंबाई, मग आमच्याकडचेच की तुम्ही, मी तासगावची! मुलंबाळं? — असू दे, नका सांगू, मला मेलीला विचारायची खोडच आहे. उन्नती, माझी मुलगी, ती म्हणते, आई, तू रिक्षावाल्याचीपण कुंडली काढशील.

तर ते फ्लेक्सचं. कसं आहे भाऊ, टर्फला, पोरांच्या ह्या क्रिकेटच्या मैदानाला, माझं काही नाही. आजकाल सगळीकडे झालीत, घणसोलीत तर गल्लीगल्लीत. पोरगं हुशार आहे तेजस. इथे तळवलीत त्याच्या घरच्यांचं जुनं घर, एवढं मोठं परसदार नुसतं पडून — पडून म्हणजे काय, पडून नव्हतं तसं. यशोदाबाई, तेजसची आजी, त्या वाळवणं घालायच्या इथे. शेवगा होता. आणि कोंबड्या. आता तुम्ही रोलर फिरवून खडी दाबलीत, त्यावर बारीक कच टाकलीत, मी बघत होते ना सगळं, केवढं सपाट केलंत, कौतुक आहे बाबा तुमचं.

कोंबड्यांचं सांगत होते. आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला. आत आहेत बघा, त्या खिडकीशीच पलंग आहे. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई लावल्या होत्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या, आई म्हणा, पाणी म्हणा, वैजयंती म्हणा — काही नाही. नुसते बघत राहायचे. आणि इकडे यशोदाबाई रोज सकाळी दाणे टाकायला आल्या की कोंबडी दाखवत खिडकीला तोंड लावून ओरडायच्या, "काय रं सुभास, जेवलास का नाय? ह्यी कोन हाय, सांग बगू?" रोज. मला तर हसूच यायचं. आणि एक दिवस हे म्हणाले, "कोंबडी." स्पष्ट! माझ्या हातातलं भांडं पडलं. मग काय, सगळ्यालाच कोंबडी. पाणी हवं, कोंबडी. पंखा लाव, कोंबडी. माझ्यावर चिडले तरी कोंबडीच! हसा हो, हसा, आम्हीपण हसायचो. नवऱ्याच्या तोंडून शब्द ऐकायला मिळतोय, मग तो कुठला का असेना. बायकोचं नाव नाही आलं ते नाही आलं, त्याचं काय एवढं... चहा निवतोय तुमचा.

जमीन सपाट करायची म्हणून कोंबड्या दिवाळे गावात यशोदाबाईंच्या लेकीकडे धाडल्या त्यांनी. यशोदाबाईंना वरच्या मजल्यावर खोली केली, गुडघे दुखतात म्हणून खाली उतरतच नाहीत आता. आणि तेव्हापासून हे गप्प. म्हणजे पहिल्यासारखे. मी कोंबडीचं चित्र आणलं बाजारातून, भिंतीला लावलं. ढुंकून बघत नाहीत. पण एक आहे हं, तुमचा रोलर आला ना, तेव्हा मान वळली! इकडून तिकडे, इकडून तिकडे, रोलर जाईल तशी मान. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, टर्फ झालं की पोरं येतील, आरडाओरडा करतील, हे बघत बसतील. कंपनीत असताना रविवारी खेळायचे ते, विकेटकीपर होते. कुणास ठाऊक, एखाद्या दिवशी "आउट" म्हणतील. म्हणून म्हणते, जाळी लावा, कितीही जाड लावा, फक्त तो फ्लेक्स तेवढा ह्या कोपऱ्यातून...

तेजसला विचारा म्हणता. अहो, तेच तर. कुठल्या तोंडाने विचारू? कामाचा नारळ कुणी वाढवला माहितीये? मी! त्या दिवशी तेवढ्या यशोदाबाई वरून काठी टेकत उतरल्या, म्हणाल्या, "वैजा, शेजारीन तू, पयला मान तुजा." मला साडी नेसायलासुद्धा वेळ दिला नाही. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, तोंडाने म्हटलं, भरभराट होऊ दे रे बाबा. आता आठवडाभरात जाऊन सांगू, तुझ्या जाहिरातीची मला अडचण होते? आणि ह्यांना झालं त्या वेळी उचललं कुणी? तेजसच्या वडिलांनी, धर्मराजशेठनी. अंगावर बनियन, तसेच गाडीत घालून घेऊन गेले. सगळ्या बिल्डिंगचे दरवाजे बंद होते भाऊ. अशा माणसांना काय सांगायचं? माणूस शत्रू असला तर भांडता तरी येतं.

तुम्हीच सांगून बघा ना. माझं नाव नका घेऊ. सांगा, ह्या बाजूने वारा येतो, फ्लेक्स फाटेल. असं काहीतरी तुमच्या कामातलं सांगा. फाटत नाही का वाऱ्याने? नाही? बरं, मग सांगा की...

— कोण, तेजस? ये ना बाळा, चहा टाकू तुला? अडचण? कसली रे अडचण! भाऊ उन्हात उभे होते, म्हटलं घोटभर चहा द्यावा. आमच्याच भागातले निघाले बघ. फ्लेक्स ना? हो, सांगत होते तेच. कुणाचा आहे? तुझ्या मामाच्या हॉटेलचा? अरे वा, पहिलीच जाहिरात, छान झालं! लाव की. इथेच लाव, रस्त्यावरून नीट दिसेल. छे, काकांचं काय, ते झोपलेलेच असतात. खिडकी आम्ही तशीही लावूनच घेतो रे, मच्छर किती झालेत! लाव तू, खुशाल लाव.

अहो भाऊ, माझ्याकडे काय बघताय? तो कप ठेवा इथे. जा, बोलावतोय तो तुम्हाला.