दुसऱ्या गटाच्या वतीने चार शब्द

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे खजिनदार आणि इतर मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या बाई, आणि घरच्या आजारी माणसाला कोणाच्या तरी हवाली करून धावतपळत इथे पोहोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

माझी ओळख करून देताना निवेदकांनी मला ‘काळजीवाहक’ म्हटलं. संस्थेचा शब्द आहे, चांगलाच असणार. मला मात्र तो ऐकला की मालवाहू गाडी आठवते. मी साधी सून आहे. माझ्या सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून त्या वरच्या मजल्यावर माझ्याकडे असतात. खालच्या मजल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई. सासऱ्यांची एक बाजू लुळी पडली आहे, त्यांना जिने चढवत नाहीत, म्हणून ते खाली. घर एक, जिना एक, आणि दोन मजल्यांवर दोन सुना. आमच्यात भांडण नाही. स्पर्धा आहे का? जाऊबाई समोरच बसल्या आहेत, त्यांनाच विचारा.

तर बाईंनी हा कार्यक्रम आखला, तेव्हा आम्ही दोघींनीही नाव घातलं. घरी माणूस सांभाळून थकलेल्यांना आधार द्यायचा, अशी योजना. आठवड्यातून दोन दुपारी एक सोबतीण घरी येणार, आजाऱ्याजवळ बसणार, आणि आपण मोकळं व्हायचं. शिवाय तज्ज्ञांची व्याख्यानं. पण बाई पडल्या अभ्यासू. त्या म्हणाल्या, याचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायला हवं. अर्ध्यांना आधार आत्ता मिळेल, उरलेल्यांनी थांबायचं, आणि दोन्ही गटांची तुलना करायची. कोण आधी हे ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. जाऊबाई पहिल्या गटात. मी दुसऱ्या गटात.

बाई, तुमच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण एका घरातल्या दोन जावांच्या दोन वेगळ्या चिठ्ठ्या टाकायच्या? तुम्हाला नणंदा-जावा कोणीच नाहीत का हो?

त्या दिवसापासून माझं जे पोटात दुखायला लागलं, त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं. सोबतीण यायची, खाली थांबायची. वर येण्याची तिला परवानगी नव्हती, कारण मी दुसऱ्या गटातली, मला आधार मिळाला तर तुलना बिघडली असती. सासरे घोरत असायचे, सोबतीण वर्तमानपत्र वाचत असायची, आणि मी वर एकटी सासूबाईंना कुशीवर वळवत असायचे. सासूबाई विचारायच्या, “खाली कोण आलंय गं?” मी म्हणायचे, “कोणी नाही, पहिला गट आलाय.”

आणि जाऊबाई? एका दुपारी केस कापून आल्या! खांद्यापर्यंत. जिन्यात उभ्या राहून मान हलवून मला दाखवले. मी म्हटलं, “छान दिसतंय हं वहिनी,” आणि वर जाऊन डाळीचं पातेलं इतकं घासलं की त्याची कल्हई निघाली.

आम्हा दुसऱ्या गटाला काय मिळत होतं? प्रश्न. महिन्यातून एका सकाळी कार्यालयात बोलवायचे आणि विचारायचे, झोप लागते का, चिडचिड होते का, पाठ दुखते का, रडू येतं का. त्यासाठी आमच्या ह्यांना अर्धा दिवस रजा काढून आईजवळ बसावं लागायचं. ते कुरकुर करत बसायचे, ती कुरकुर ऐकून मी निघायचे, आणि इथे येऊन सांगायचे की हो, चिडचिड होते.

आता बाईंची चूक सांगते. निरोपाच्या भाषणात चूक सांगू नये म्हणतात, पण हिच्यासारखी गोड चूक मी पाहिलेली नाही. प्रश्न विचारणारी मुलगी एकच होती, म्हणून सोयीसाठी आम्हा सगळ्यांना एकाच सकाळी बोलावत आणि बाहेर व्हरांड्यात एकाच बाकावर बसवत. आता मला सांगा, महिनाभर आजाऱ्याच्या उशाशी बसलेली माणसं एका बाकावर बसवली, तर ती गप्प बसतील?

माझ्या एका बाजूला शिंपीण असायची, तिच्याकडे म्हातारी आई. दुसऱ्या बाजूला बेकरीवाले दादा, त्यांच्याकडे पाठचा भाऊ, अपघातात कमरेखाली लुळा पडलेला. आम्ही काय बोलायचो? पहिल्या गटाच्या नावाने बोटं मोडायचो. मनसोक्त. शिंपीण म्हणायची, “त्यांना म्हणे श्वास घ्यायला शिकवतात.” दादा म्हणायचे, “मग आपण इतकी वर्षं काय शिट्ट्या वाजवत होतो?” मी केसांची गोष्ट सांगितली, तर दोघं इतकी हसली की ती प्रश्नवाली मुलगी दार उघडून बघायला आली. माझा मत्सर समजून घेणारी माणसं मला जगात पहिल्यांदा भेटली होती. घरी बोलायची सोय नव्हती ना! घरी बोलले असते तर मी वाईट ठरले असते.

बोटं मोडता मोडता बाकीचंही निघायचंच. मी म्हटलं, सासूबाईंचे कपडे बदलताना माझा जीव जातो, त्याही कळवळतात. शिंपिणीने दोन गाऊन मागून घेतले, पाठीवर उभे फाडले, नाड्या लावून दिले. पाच मिनिटांत कपडे बदलून व्हायला लागले. दादा भट्टी लावायला निघायचे, तेव्हा घरी एकट्या पडलेल्या त्यांच्या भावाला मी फोन करायचे आणि तो मला क्रिकेटचा स्कोअर सांगायचा. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही.

मग निकालाचा दिवस आला. आत बैठकीत दोन्ही गटांच्या ताणाच्या रेषा पडद्यावर दाखवल्या, आणि आम्ही बाहेर बाकावर कान देऊन. पहिल्या गटाचा ताण उतरला होता. आणि दुसऱ्या गटाचा? तोही उतरला होता, तेवढाच! खजिनदार साहेब, तुम्ही तेव्हा काय म्हणालात ते आम्हाला व्हरांड्यात ऐकू आलं होतं. “म्हणजे नुसतं थांबवून ठेवलं तरी माणसं बरी होतात. मग हा खर्च कशाला? बंद करा.” तुमच्यावर राग नाही साहेब, रेषा तेच सांगत होती. पण माझं काय? इतके महिने मी ज्या सोबतिणीची वाट पाहिली, ती आता येणारच नव्हती. जाऊबाईंच्या वाट्याला येऊन गेली आणि माझ्या वाट्याला येणार नव्हती, कारण काय, तर मी बाकावर बसून हसले! शिंपिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “आपण प्रश्नांना खोटी उत्तरं द्यायला हवी होती.”

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. खुर्ची मागवली नाही, आमच्यात दाटीवाटीने बाकावरच बसल्या. म्हणाल्या, “खरं सांगा, तुम्ही इथे बसून काय करता?”

मी रडवेली झाले होते, तोंडाला येईल ते बोलून गेले. “तुमच्या पहिल्या गटावर जळतो. दुसरं काय करणार?”

“फक्त जळता?”

मग आम्ही सांगितलं. गाऊन, फोन, क्रिकेट, सगळं. बाई ऐकत राहिल्या. मग उठल्या, आत गेल्या आणि दार उघडंच ठेवून म्हणाल्या, “कार्यक्रम फसलेला नाही. माझी आखणी फसली आहे. मी दोन कार्यक्रम चालवत होते आणि मला त्यातला एकच ठाऊक होता.”

मोठ्या हुद्द्यावरचं माणूस चारचौघांत असं म्हणतं का हो? मी तरी पाहिलेलं नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आता नाव घातल्याच्या दिवसापासून प्रत्येकाला आधी बाक मिळतो, मग सोबतीण. आणि चिठ्ठी माणसागणिक नाही, घरागणिक टाकतात. ती दुसरी सुधारणा माझ्यामुळे झाली, असं मी तरी सगळीकडे सांगते.

अखेर माझी सोबतीण आली. पहिल्या दुपारी मी पर्स घेऊन जाऊबाईंच्या दारावरून मुद्दाम सावकाश गेले. त्या म्हणाल्या, “जा बाई, मजा कर. तुम्ही बाकावर असायचात त्या सकाळी आम्हाला आतल्या खोलीत रांगेत खुर्च्या मांडून व्याख्यानं ऐकवली. शेजारणीचं नावसुद्धा कळलं नाही मला. तुमच्या बाकावरचं हसणं ऐकायचे आणि वाटायचं, आपली चिठ्ठी चुकलीच.”

म्हणजे इतके महिने त्यासुद्धा जळत होत्या! माझ्यावर! खोटं कशाला बोलू, केस कापून मला जेवढं बरं वाटलं नसतं, तेवढं त्या वाक्याने वाटलं. मी बाजारात जायची ती तिथेच पायरीवर बसले.

आता शेवटचं. अध्यक्षांनी सांगितलं की बाई घरगुती कारणासाठी मुदतीआधीच निवृत्त होत आहेत. ते कारण सांगायची परवानगी मी बाईंकडून आज घेतली. त्यांच्या यजमानांना विस्मरणाचा आजार आहे, आता त्यांना एकटं ठेवता येत नाही. मी यजमानांनाही विचारलं, सांगू का? ते म्हणाले, “सांगा की. मी तरी कुठे लक्षात ठेवणार आहे?”

बाई, मला तुमच्या यजमानांचाही हेवा वाटतो. आम्ही सगळ्यांनी मिळून ज्या बाई वाटून घेतल्या, त्या आता त्यांना एकट्याला आख्ख्या मिळणार. पण सकाळपासून पाहते आहे, तुम्ही समारंभाला आलात आणि तुमचं सगळं लक्ष त्यांच्या खुर्चीकडे. ही नजर मी ओळखते. इथे बसलेले सगळेच ओळखतात.

म्हणून उद्या, माझ्या सोबतिणीच्या दुपारी, मी तुमच्याकडे येते आहे. जाऊबाई मघापासून यजमानांच्या शेजारची खुर्ची पकडून त्यांना पाणी देत बसल्या आहेत, त्यांचा बेत मला कळलाय. पण जाहीर मी आधी केलं आहे. मी दारात आले की मला काम समजावत बसू नका. चपला घाला आणि बाहेर पडा. कुठे जाता, ते मी विचारणार नाही.

आपण सर्वांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलं, संस्थेने मला बोलू दिलं, सर्वांचे मनापासून आभार. इथे काही अधिकउणं बोलले असेन तर आपण उदार मनाने सोडून द्यालच. बाई, तुमची क्षमा मात्र मी उद्याची मागते. मला त्यांचा चहा तुमच्यासारखा जमणार नाही. ते ‘ही कोण?’ म्हणून चिडतील, तुम्हाला हाका मारतील, आणि मला त्यांना समजावता येणार नाही. तरीही तुम्ही लवकर परत येऊ नका.