बाईंचं आडनाव

बाई : मशीन कशाला खोलताय, टेलर? गुरुवारी समितीची बैठक आहे.

टेलर : तुम्ही घ्या बैठक. दुपारी टेम्पो येतोय. आम्ही पुलापलीकडे चाललो, बाई. आमच्या लोकांत.

बाई : आमच्या लोकांत! आणि तीस वर्षं या गल्लीनं तुमच्याकडून कपडे शिवून घेतले, ते कोण? दंगलीत अकरा दिवस तुमच्या दाराशी आम्ही पहारा दिला.

टेलर : दिलात. विसरलो नाही. पण पहाऱ्यावरच्यांना चहा देताना रोज बघायचो, आज यातलं कोण आलं नाही. आणि ते कुठं असेल.

बाई : शांतता समितीत तुमच्याकडचे तुम्ही एकटे उरलात. तुम्हीही गेलात तर आम्ही शांतता करायची कोणाशी? आपापसांत?

टेलर : तेही जमलं तर बघा.

बाई : चेष्टा पुरे. झालंय काय?

टेलर : परवा पोरगी क्लासवरून येत होती. नाक्यावर चारपाच जणांनी अडवलं. आडनाव विचारलं. हिनं तुमचं सांगितलं.

बाई : माझं?

टेलर : शाळेत वहीवर तुमचीच सही असायची ना. तेच तोंडात आलं. सोडलं तिला.

बाई : सुटली बिचारी!

टेलर : आईला हसत हसत सांगत होती. मग जेवली नाही. काल बघतो तर आरशासमोर उभी. तुमचं आडनाव पुन्हा पुन्हा म्हणतेय. अडखळायला नको म्हणून.

बाई : कोण होते ते? नावं सांगा. माझ्या हाताखालून गेलेले असतील. घरी जाऊन एकेकाचा कान धरते.

टेलर : राहू द्या.

बाई : राहू द्या काय?

टेलर : तुमचा धाकटा होता त्यांच्यात.

(बाई स्टुलावर बसतात.)

बाई : त्यानं... ओळखलं असेल ना तिला?

टेलर : ओळखलं. मान फिरवली.

बाई : म्हणजे माहीत असून बोलला नाही. वाचवलंच म्हणायचं.

टेलर : म्हणा. मीही दोन दिवस तेच म्हणून बघितलं.

बाई : पुलापलीकडे नाक्यावर कोणी उभं नसतं?

टेलर : असतं की. ते तुमच्या लोकांना अडवतात.

बाई : तुमचा थोरला महिनाभर तिकडेच आहे ना? काय करतो?

टेलर : खोली बघून ठेवलीय त्यानं.

बाई : ते नाही विचारलं मी. दिवसभर असतो कुठं?

टेलर : फोनवर एवढंच म्हणाला, ‘बाबा, बिनधास्त या. नाक्यावर आपलीच माणसं आहेत.’